पहिला गेमिंग पीसी कमी बजेटमध्ये बनवताय? मग पार्ट असे निवडा

गेमिंग पीसी बनवायचा म्हटलं की नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, "प्रोसेसर कुठला घेऊ?" आणि घोळ तिथूनच सुरू होतो, कारण एकदा प्रोसेसर ठरला की मग त्याला शोभेल असा मदरबोर्ड, मग लाइटवाली रॅम, मग काचेचं कॅबिनेट, असं करत करत ग्राफिक्स कार्डापर्यंत पोचतो तोवर खिसा रिकामा झालेला असतो आणि जिथे खरे पैसे घालायचे तिथेच हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून उलट्या टोकाने सुरू करा. आधी स्क्रीन, मग ग्राफिक्स कार्ड, मग उरलेलं सगळं. बजेट कितीही असू दे, क्रम हाच.

पायरी १: काय खेळणार आणि कशावर बघणार

आधी दोनच गोष्टी कागदावर लिहा, कुठले गेम खेळणार आणि मॉनिटर कुठला असणार. "सगळेच खेळणार" हे उत्तर चालणार नाही. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ असले स्पर्धेचे गेम ग्राफिक्स कार्डाला फार त्रास देत नाहीत, तिथे प्रोसेसर चांगला लागतो आणि जास्त हर्ट्झचा मॉनिटर. मोठे ओपन वर्ल्ड गेम मात्र कार्डाला पिळून काढतात, तिथे प्रोसेसर जरा साधा असला तरी निभावतं.

मॉनिटरचं गणित सोपं आहे. १९२० बाय १०८० म्हणजे साधारण २१ लाख पिक्सेल, २५६० बाय १४४० म्हणजे जवळपास ३७ लाख. म्हणजे तोच गेम, तेच कार्ड, पण काम जवळजवळ पावणेदोन पट. फोर-के म्हणजे ८३ लाख, त्याचं पहिल्या बजेट पीसीत नावही काढू नका. १०८०पी घ्या, आणि जमलं तर ६० ऐवजी १४४ हर्ट्झचा घ्या. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो, दोन फ्रेममध्ये साधारण १६.७ मिलिसेकंदांचं अंतर, १४४ ला तेच ७ च्या आत येतं आणि शूटिंग गेममध्ये हा फरक हाताला जाणवतो. घरात जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर पडलेला असेल तर तोच वापरा आणि वाचलेले पैसे कार्डात घाला, मॉनिटर नंतर बदलता येतो.

पायरी २: पैशांची वाटणी

माझा ठोकताळा असा की मॉनिटर सोडून जे बजेट आहे त्यातले ३५ ते ४० टक्के ग्राफिक्स कार्डाला. तेवढेच किंवा थोडे कमी प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम ह्या तिघांना मिळून. जे उरलं त्यात एसएसडी (विंडोज आणि गेम साठवायची ड्राइव्ह), एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा), कॅबिनेट. फक्त स्पर्धेचेच गेम खेळणार असाल तर कार्डातले थोडे पैसे प्रोसेसरकडे सरकवा. आणि कीबोर्ड, माऊस, हेडफोन, विंडोजचं लायसन्स ह्यांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवा, हे सगळे हमखास विसरतात आणि मग शेवटच्या दिवशी एसएमपीएसच्या पैशातून हेडफोन येतो.

पायरी ३: ग्राफिक्स कार्ड

इथे वेळ घालवा, बाकी कुठे नाही घातला तरी चालेल.

तुमच्या बजेटमध्ये बसणारी तीन-चार कार्डं काढा. कमी बजेटमध्ये फिरून फिरून जी नावं समोर येतात ती म्हणजे एएमडीची आरएक्स ६६०० आणि ७६००, एनव्हिडियाची आरटीएक्स ३०६०, ४०६०, ५०६० आणि इंटेलची आर्क बी५८०. मग तुम्ही खेळणार तेच गेम, १०८०पी वर, ह्या कार्डांवर किती एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) देतात ते दोन-तीन वेगवेगळ्या रिव्ह्यूंमध्ये बघा, आणि कार्डाच्या किंमतीला त्या सरासरी एफपीएसने भागा. एका फ्रेमला किती पैसे पडले ते कळतं. हा आकडा काढला की ब्रँडवरून चाललेली अर्धी भांडणं आपोआप मिटतात. सरासरीच्या शेजारी "१ टक्का लो" असा आकडा असतो, तोही बघा, सगळ्यात वाईट क्षणांना गेम किती खाली येतो ते त्यातून दिसतं, आणि ९० सरासरी असून लो ३० असेल तर गेम अडखळणारच.

आता नावांची भानगड. कार्डाचं नाव पूर्ण वाचायचं, शेवटच्या अक्षरापर्यंत. जीटी १०३० हे एकाच नावाखाली दोन वेगळ्या मेमरीत आलं, जीडीडीआर५ आणि डीडीआर४, आणि डीडीआर४ वाल्याची मेमरी बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा नेता येतो ते) जवळपास एक तृतीयांश आहे, पण खोक्यावर नाव तेच. (तसं आज दोन्हींपैकी एकही गेमिंगसाठी घेऊ नका.) आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं कार्ड म्हणजे ८ जीबीवाल्याच्या फक्त २ जीबी काढल्यात असं नाही, त्याचे कोअरही (हिशोब करणारे भाग) कमी आहेत आणि मेमरी बसही (मेमरीकडे जायची वाट) १२८ ची ९६ बिट झालीय. ते सुमारे ७० वॅटवर चालतं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, त्यामुळे जुन्या ऑफिसच्या पीसीत टाकायला ठीक, नवीन बिल्डसाठी नाही.

आरएक्स ६५०० एक्सटीचा सापळा वेगळाच. ते कार्ड मदरबोर्डाशी फक्त ४ लेनने, म्हणजे डेटाच्या वाटांनी, बोलतं. पीसीआयई (कार्ड ज्या खाचेत बसतं ती जोडणी) ४.० वर निभावतं, पण ३.० च्या बोर्डावर लावलं की वाट निम्मी होते आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम धक्के खायला लागतो. आणि गंमत अशी की स्वस्त कार्ड घेणारा माणूस बोर्डही स्वस्त, म्हणजे ३.० चाच घेतो.

व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, किती? १०८०पी ला ८ जीबी किमान धरा. नवीन जड गेममध्ये टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) अल्ट्रावर नेले की ८ अपुरे पडतात, तेव्हा टेक्स्चर एक पायरी खाली आणायचे, दिसण्यात फार फरक पडत नाही. पण नुसता जीबीचा आकडा बघून कार्ड घेऊ नका, ३०६० ला १२ जीबी आहेत आणि ४०६० ला ८, तरी बहुतेक गेममध्ये १०८०पी ला ४०६० पुढे असतं, मेमरी भरली तरच चित्र पालटतं.

जीटीएक्स १६५०, १६६० सेकंडहँडमध्ये स्वस्त मिळतात म्हणून मोह होतो. जुने आणि स्पर्धेचे गेमच खेळायचे असतील तर हरकत नाही, पण त्यांच्यात हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशाचे किरण मोजून चित्र काढायची सोय) नाही आणि २०२४ च्या 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' किंवा २०२५ च्या 'डूम: द डार्क एजेस'ला ते लागतंच लागतं. सेटिंग कमी करून भागत नाही. असे गेम वाढत जाणार, म्हणून आज पैसे घालताना आरटीएक्स किंवा आरएक्स ६००० आणि पुढचं बघा. आर्क घेणार असाल तर मदरबोर्डावर रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू करता येतं ना ते आधी तपासा, नाहीतर परफॉर्मन्स पार कोसळतो, शिवाय बी५८० जुन्या मंद प्रोसेसरबरोबर दबतं.

डीएलएसएस, एफएसआर ही अपस्केलिंगची मदत चांगलीच आहे, गेम कमी पिक्सेलवर चालवून चित्र मोठं करून दाखवतात. पण फ्रेम जनरेशनचे आकडे बघून कार्ड घेऊ नका, ते मधल्या फ्रेम बनवून घालतं, मूळचे ३० एफपीएस असतील तर स्क्रीनवर ६० दिसतील पण माऊसचा प्रतिसाद ३० चाच राहतो, कधीकधी जरा वाईटच.

पायरी ४: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम एकत्रच ठरवा

ही तीन वेगवेगळी खरेदी नाहीच, एक ठरलं की दुसरं बांधलं जातं. सध्या मुख्य वाटा तीन. एएमडीचं जुनं सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसायची जागा) एएम४, त्यात डीडीआर४ रॅम. इंटेलचं एलजीए १७००, त्यात १२, १३ आणि १४ वी जनरेशन बसते आणि बोर्डाप्रमाणे डीडीआर४ किंवा डीडीआर५. आणि एएमडीचं नवं एएम५, त्यात फक्त डीडीआर५. डीडीआर४ ची कांडी डीडीआर५ च्या खाचेत बसतच नाही, त्यामुळे बोर्डाच्या नावात डी४ की डी५ हे नीट बघा, इंटेलमध्ये एकाच बोर्डाच्या दोन्ही आवृत्त्या असतात.

कार्डासाठी पैसे कमी पडत असतील तर एएम४ वर रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ, दोन्ही ६ कोअर १२ थ्रेड (थ्रेड म्हणजे एकाच वेळी हाताळता येणारी कामं), १०८०पी गेमिंगला भरपूर. अगदीच ओढाताण असेल तर आय३-१२१००एफ, ४ कोअर ८ थ्रेड, हा चालतो पण त्याच्या खाली उतरू नका. पैसे थोडे जास्त असतील तर एएम५ वर रायझन ५ ७५००एफ किंवा ७६००, कारण एएमडीने ते सॉकेट निदान २०२७ पर्यंत चालवणार असं सांगितलंय, म्हणजे पुढे बोर्ड न बदलता नवा प्रोसेसर टाकता येईल. फक्त रॅमचा भाव बघून घ्या. २०२५ च्या शेवटी एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅम जी भडकली त्यात डीडीआर५ चा बिल्ड कित्येकांच्या हाताबाहेर गेला, आणि अशा वेळी घरातली जुनी डीडीआर४ वापरता येणं हीच मोठी बचत.

शेवटच्या अक्षरांकडे लक्ष द्या. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही, कार्ड लावल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. इंटेलचा के म्हणजे ओव्हरक्लॉकवाला (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवता येणारा), बजेटमध्ये त्याचे जास्तीचे पैसे उगाच. एएमडीचा जी म्हणजे आत बऱ्यापैकी ग्राफिक्स. आत्ता कार्डाला पैसेच नाहीत, सहा महिन्यांनी घेईन असं असेल तर ५६००जी किंवा ८६००जी घेऊन सुरुवात करता येते, हलके गेम चालतात. पण ८५००जी टाळा, त्यात नंतरच्या ग्राफिक्स कार्डाला फक्त ४ लेन मिळतात. आणि ५६०० च्या जागी कोणी ५५०० दिला तर थांबा, त्यात एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि पीसीआयई ३.०, भावात चांगला फरक असेल तरच घ्या.

"आय७ आहे, एकदम पॉवरफुल" ह्याला भुलू नका. आय७-४७९० हा २०१४ चा प्रोसेसर, ४ कोअर ८ थ्रेड, तेवढेच कोअर-थ्रेड असलेला आय३-१२१००एफ त्याच्या सहज पुढे जातो. वर विंडोज ११ ला इंटेलची ८ वी जनरेशन किंवा रायझन २००० किंवा त्यांच्या पुढचं काहीतरी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (चालू होताना खरंच सॉफ्टवेअर आहे ना ते तपासणारी सोय) दोन्ही मागतं. म्हणजे जुना आय७ स्वस्तात घेऊन शेवटी लॉगिन स्क्रीनवरच अडायचं.

मदरबोर्डावर पैसे वाचवा, इथे बिनधास्त वाचवा. मायक्रो-एटीएक्स बोर्ड पुरतो. एएम४ ला बी५५०, एएम५ ला ए६२० किंवा बी६५०, इंटेलला बी६६० किंवा बी७६०. एच६१० आणि ए५२० पण चालतात, पण तिथे रॅमच्या खाचा बहुधा दोनच असतात, एच६१० वर रॅमचा वेग वाढवता येत नाही आणि ए५२० मध्ये पीसीआयई ३.० च आहे. एसएसडीसाठी एम.२ ची एक तरी खाच हवी, दोन असल्या तर सोन्याहून पिवळं. बायोसचं, म्हणजे मदरबोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचं, मात्र विचारून घ्या. बी४५० वर रायझन ५००० लावायचा तर नवं बायोस लागतं, दुकानात पडून असलेल्या सुरुवातीच्या बी५५० लाही, आणि बी६६० वर १३ वी-१४ वी जनरेशन लावतानाही तेच. जुनं बायोस असेल तर सगळं जोडून बटण दाबल्यावर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळी ती काळीच, नवीन माणूस समजतो प्रोसेसर जळाला. बोर्डाला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेन ड्राइव्हने काम होतं, नसेल तर विकणाऱ्याकडूनच अपडेट करून घ्या.

रॅम १६ जीबी, आणि ती ८ च्या दोन कांड्यांत. १६ ची एकच कांडी घेतली तर सिंगल चॅनलमुळे (रॅमला एकच वाट मिळाल्यामुळे) बँडविड्थ अर्धी होते, आणि आतलं ग्राफिक्स वापरणाऱ्यांना तर ह्याचा जबर फटका बसतो. डीडीआर४ ला ३२०० सीएल१६, एएम५ वर ६००० च्या आसपास. ह्याच्या वरच्या वेगाला बजेटमध्ये अर्थ नाही.

पायरी ५: एसएसडी

पटकन उरकू. एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारी वेगवान) एसएसडी घ्या, १ टीबी. आता एकेक मोठा गेम १०० जीबीच्या वर जातो, ५०० जीबीत विंडोज आणि तीन गेम टाकले की पुसापुशी सुरू. सेकंदाला ३५०० एमबीवाली आणि ७००० एमबीवाली ह्यात गेम लोड व्हायला पडणारा फरक इतका थोडा की जास्तीचे पैसे वाया. एम.२ आकाराची पण साटावर (जुन्या हार्ड डिस्कच्या जोडणीवर) चालणारी एसएसडीही मिळते, तिचा वेग ५५० च्या आसपास अडतो, म्हणून एम.२ बघून थांबू नका, एनव्हीएमई लिहिलंय का ते वाचा.

पायरी ६: एसएमपीएस, इथे कंजुषी नाही

सगळ्यात जास्त लोक इथेच गंडतात कारण ह्याच्यामुळे एफपीएस वाढत नाहीत. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस गेमिंग पीसीत लावायचा नाही, विषय संपला.

वॅटचा मोठा आकडा खोक्यावर बघू नका, डब्याच्या बाजूला चिकटवलेलं लेबल बघा. त्यावर एक तक्ता असतो, +३.३व्ही, +५व्ही, +१२व्ही असे रकाने आणि खाली अँपिअर. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी पॉवर १२ व्होल्टवरून ओढतात, म्हणून तोच रकाना महत्त्वाचा. तिथे २५ए लिहिलं असेल तर १२ गुणिले २५, म्हणजे ३०० वॅट. वर "५०० वॅट" असं ठळक छापलेलं असू दे, तुमच्या उपयोगाचे ३०० च. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ४५ए च्या आसपास असतं, म्हणजे जवळपास पूर्ण वॅट १२ व्होल्टवर.

किती लागतात? ५६०० पूर्ण जोरात ७५-८० वॅट घेतो, आरएक्स ६६०० चं रेटिंग १३२, पंखे, एसएसडी, बोर्ड धरून आणखी ५०-६०. २७० च्या आसपास. कार्ड क्षणभर उसळी मारतं आणि उद्या मोठं कार्ड टाकावंसं वाटणार, म्हणून ५५० वॅट चांगल्या कंपनीचा. ७५० ची गरज नाही. ८० प्लस ब्राँझ हे कार्यक्षमतेचं सर्टिफिकेट आहे, आतले पार्ट किती चांगले ह्याचं नाही, त्यामुळे त्याबरोबर वॉरंटी बघा, ५ वर्षं देणारी कंपनी सहसा स्वतःच्या मालावर विश्वास ठेवून असते. केबलही मोजा, कार्डाला ६+२ पिनची आणि प्रोसेसरला ४+४ ची, दोन्हींना ८ पिन असल्या तरी त्या एकमेकींच्या जागी लावायच्या नसतात. आणि मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस बदललात तर जुन्याच्या केबल नव्याला कधीही लावू नका, पिनांची मांडणी कंपनीगणिक वेगळी असते आणि एसएसडी जागच्या जागी मरते.

पायरी ७: कॅबिनेट आणि कूलर

पुढून जाळी हवी, पूर्ण काच नको. पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर फेकणारा, झालं. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये बघून कॅबिनेटमध्ये बसते का ते तपासा. ५६०० किंवा १२४००एफ च्या खोक्यात येणारा कूलर पुरतो, जरा आवाज करतो इतकंच. ७५००एफ बऱ्याचदा कूलरशिवाय, ट्रे पॅकमध्ये विकला जातो, तेव्हा एक साधा टॉवर कूलर हिशोबात धरा. आरजीबी लाइटची हौस असेल तर सगळ्यात शेवटी.

पायरी ८: सेकंडहँड काय घ्यावं

प्रोसेसर सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, तो सहसा बिघडत नाही, फक्त एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात त्या वाकल्यात का बघा. एएम५ आणि इंटेलला पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, तिथे बोर्ड घेताना टॉर्च मारून बघा. रॅम, कॅबिनेट ठीक. एसएमपीएस नाही. ग्राफिक्स कार्ड समोर चालवून दाखवलं तरच: १५-२० मिनिटं जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट, त्यात स्क्रीनवर रंगीत ठिपके किंवा रेघा येतात का, पंखे खरखरतात का, तापमान कुठे जाऊन थांबतं. जीपीयू-झेड नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर चालवा, जुन्या कार्डाचं बायोस बदलून नव्याच्या नावाने विकायचे प्रकार चालतात आणि २०१८ पासून ते सॉफ्टवेअर असली बरीच बनावट कार्डं ओळखून नावापुढे 'फेक' असं दाखवतं.

पायरी ९: पार्ट आल्यावर पहिला दिवस

कॅबिनेटमध्ये कोंबायच्या आधी मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम आणि कार्ड लावून एकदा चालू करून बघा, काही बिघाड असेल तर सगळं परत उघडायचा डोक्याला ताप वाचतो. बोर्डाला चार खाचा असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, बोर्ड रॅम जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबत बसू नका. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, वर मदरबोर्डाच्या पोर्टला नाही.

मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर गुपचूप पडून राहते. विंडोजमध्ये डिस्प्ले सेटिंगला जाऊन १४४ हर्ट्झ निवडा, ते बऱ्याचदा ६० वरच असतं. कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या. आणि परत करायची मुदत संपायच्या आत एक जड गेम तासभर खेळा, कोपऱ्यात तापमान आणि कार्डाचा वापर दाखवणारे आकडे लावून. फ्रेमवर मर्यादा घातलेली नसताना वापर ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड पूर्ण राबतंय, वाटणी बरोबर झाली. ५०-६० वरच अडकलं आणि एफपीएसही कमी असतील तर प्रोसेसर मागे खेचतोय किंवा रॅम एकाच चॅनलवर चाललीय, आधी रॅमच्या खाचा तपासा.